बागेतलं अनोळखी फळझाड: नाव कळेपर्यंत काय करायचं

घराच्या बागेत एखादं झाड असं निघतं की त्याचं नाव कुणालाच सांगता येत नाही. लावणारी पिढी गेलेली असते, किंवा घरच नुकतं आपल्याकडे आलेलं असतं, किंवा कुठल्याशा पक्ष्याने टाकलेलं बी कोपऱ्यात वाढत राहतं आणि एका वर्षी अचानक फळं धरतं. मग दोन प्रकारची घाई सुरू होते. एकाला झाड तोडून जागा मोकळी करायची असते, दुसऱ्याला फळ चाखून बघायचं असतं. दोघांनाही सध्या थांबवा.

तोडण्याच्या घाईबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास या पोस्टमनने बियांपासून अव्होकाडोची रोपं केली होती. त्यातल्या एका रोपावर त्याला फुएर्ते या तेव्हाच्या नावाजलेल्या जातीचं कलम बांधायचं होतं. कलम काही लागेना, म्हणून ते झाड काढून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. पण ते राहिलं, त्याला फळं आली, आणि घरातल्या मुलांना ती फुएर्तेपेक्षा जास्त आवडली. १९३५ साली हासने त्या जातीचं पेटंट घेतलं. आज जगभरच्या बाजारात सर्वाधिक अव्होकाडो याच हास जातीचे असतात, आणि त्या जातीचं प्रत्येक झाड त्या एका झाडापासून कलमाने आलेलं आहे. मूळ झाड २००२ साली मेलं. तुमच्या कोपऱ्यातलं झाड असलं काही निघेल असं नाही. बहुतेकदा साधं, बियाळ, आंबट फळच निघतं. पण ते कळायला झाडाला सगळे ऋतू, म्हणजे किमान एक वर्ष द्यावं लागतं. शिवाय अनेक शहरांत स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते, तेव्हा कुऱ्हाडीची चौकशी तशीही लांबणारच.

फळापासून सुरुवात करू नका

फळ हातात आलं की नाव कळलंच, असं वाटतं. अनुभव उलटा येतो. फळं एकमेकांची सोंगं फार सहज घेतात. पानं आणि फांद्या त्या मानाने सरळ बोलतात.

काजऱ्याचं पिकलेलं फळ गोल, गुळगुळीत आणि नारिंगी असतं, लांबून लहानसं संत्रंच वाटतं. आतल्या चपट्या गोल बियांत स्ट्रिक्नीन हे जीवघेणं विष असतं. फळाकडे बघून माणूस फसू शकतो, पण फांदीकडे बघून फसणं अवघड आहे. संत्र्या-लिंबाच्या कुळात पानं एकाआड एक येतात, उजेडाकडे धरली की त्यांत तेलाचे बारीक ठिपके चमकतात आणि चुरगळली की ओळखीचा वास सुटतो. काजऱ्याची पानं जोडीजोडीने समोरासमोर येतात, पानाच्या बुडापासूनच तीन ते पाच ठळक शिरा निघतात, आणि ना ते ठिपके असतात ना तो वास. कठीण कवचाच्या फळांचंही असंच. बेल आणि कवठ यांच्या फळांत गोंधळ झाला तर पान बघावं. बेलाचं त्रिदळ असतं. कवठाच्या एका देठावर पाच-सात छोट्या पर्णिका असतात आणि चुरगळल्या की बडीशेपेसारखा वास येतो.

म्हणून क्रम असा ठेवा: जागा, खोड, पान, चीक, फूल आणि मग फळ.

झाड उभं कुठे आहे?

रांगेत, दुसऱ्या झाडांपासून मोजून ठेवल्यासारख्या अंतरावर असेल तर ते कुणीतरी लावलेलं आहे. कुंपणालगत, तारेखाली किंवा मोठ्या झाडाच्या फांद्यांखाली असेल तर बहुधा पक्ष्यांची कृपा. कचऱ्याच्या खड्ड्याजवळ किंवा सांडपाण्याच्या बाजूला असेल तर कुणीतरी खाऊन फेकलेली कोय रुजली असण्याची शक्यता मोठी.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि जुन्या शेजाऱ्यांना विचाराच, पण प्रश्न नीट विचारा. "हे कशाचं झाड आहे?" याला "माहीत नाही" एवढंच उत्तर मिळतं. "या जागी आधी काय होतं?" असं विचारलं की माणसं बोलायला लागतात. जुने फोटो काढा, त्यात मागे उभी असलेली झाडं बघा. फांदीत रुतलेली तार किंवा पत्र्याची चिठ्ठी सापडते का, तेही पाहा.

"आधी काय होतं" हे विचारायला आणखी एक कारण आहे.

खोडाच्या बुडाशी बसा

माझ्या मते इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा, आणि बहुतेक लोक इथे बघतच नाहीत. घरगुती बागांमधली पुष्कळशी "अनोळखी" झाडं खरं तर खुंटाची झाडं असतात. कलमी रोपात दोन जीव असतात. खाली मुळांसाठी घेतलेला खुंट, वर फळासाठी बांधलेली जात. दुष्काळाने, थंडीने किंवा किडीने वरची जात मेली की खालचा खुंट फुटतो आणि काही वर्षांत त्याचंच झाड होतं. घरात सगळे म्हणत राहतात, "चिकू होता, आता वेगळीच फळं येतायत." ते खरंच असतं. चिकूचं कलम बऱ्याचदा खिरणीच्या खुंटावर बांधतात, आणि खिरणीला चिकूपेक्षा कितीतरी लहान, पिवळी फळं येतात. नासपतीखाली क्विन्स या तिच्याच कुळातल्या फळझाडाचा खुंट असतो. लिंबूवर्गात अनेक ठिकाणी त्रिपर्णी संत्र्याचा खुंट वापरतात. वरचं संत्रं मेलं की खालून तीन-तीन पर्णिकांची, लांब काट्यांची, आंबटढाण आणि बियांनी भरलेल्या फळांची झुडपं वर येतात.

सांधा शोधायचा तो जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर. तिथे खोडाला बाक असतो, किंवा फुगीर गाठ, किंवा सालीचा पोत एका रेषेवर बदलतो. सांधा दिसला तर पुढचा प्रश्न: आजच्या फांद्या त्याच्या वरून निघाल्यात की खालून? वर वाळका बुंधा आणि सगळी हिरवळ खालून, असं असेल तर कोडं अर्धं सुटलं. एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं दिसली तर वरची जात अजून जिवंत आहे आणि खुंट तिच्यावर मात करतोय. अशा वेळी वर्षभर थांबायचा नियम मोडा. सांध्याखालचे फुटवे बुडापासून काढून टाका, नाहीतर थोड्याच वर्षांत वरची जात गुदमरेल. (हौशी माणसं मुद्दाम एका झाडावर चार जाती बांधतात, हेही लक्षात असू द्या. तिथे वेगळी फांदी सांध्याच्या वरून, उंचावर निघालेली असते.)

सांधा सापडलाच नाही तर झाड बहुधा बियांपासून आलेलं आहे. मग त्याची नेमकी जात शोधत बसू नका, ती नसतेच. सफरचंदाच्या बीपासून आईसारखं सफरचंद येत नाही. अशा झाडाच्या बाबतीत "हे सफरचंद आहे" इथपर्यंतच पोचता येतं.

पान आणि फांदी

नमुन्यासाठी उन्हातली, पक्की झालेली फांदी निवडा. बुडातून निघालेल्या जोमदार फुटव्यांची पानं फसवतात. फणसाच्या कोवळ्या रोपाची पानं खाचदार असतात, मोठ्या झाडाची अखंड. तुतीच्या तर एकाच फांदीवर दोन्ही तऱ्हा दिसतात.

पहिला प्रश्न, पानं समोरासमोर की एकाआड एक? समोरासमोर असतील तर यादी एकदम आटोपशीर होते: पेरू, जांभूळ, जाम, करवंद, कोकम, मँगोस्टीन, ऑलिव्ह, बारतोंडी, डाळिंबाचीही बहुतेक पानं अशीच. एकाआड एक असतील तर आंबा, फणस, सीताफळ, लिंबूवर्ग, अंजीर, बोर, सफरचंद, पीच, चेरी, अव्होकाडो असा मोठा घोळका उरतो.

दुसरा प्रश्न, पान साधं की संयुक्त, म्हणजे एकाच देठावर अनेक पर्णिकांचं? नवख्याची गाडी इथे अडते, कारण पर्णिकाही पानासारखीच दिसते. खूण एकच: पानाच्या देठाच्या बगलेत डोळा, म्हणजे नवी फूट निघणारा कोंब, असतो, पर्णिकेच्या बगलेत नसतो. सीताफळाच्या कुळात मात्र हा डोळा देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. पान अलगद ओढून काढलं की खाली दिसतो.

मग बारीक खुणा. वड-अंजीर-फणस या गोतावळ्यात फांदीला वेढणारे गोल वण असतात. चेरीच्या देठावर, पान सुरू होतं त्याच्या जरा अलीकडे, दोन बारीक ग्रंथी असतात, आणि तिच्या सालीवर आडव्या रेघा. पीचच्या फांदीवर बऱ्याच ठिकाणी तीन डोळे शेजारी दिसतात: मधला पानाचा, बाजूचे दोन फुलांचे. पेरूची साल पापुद्र्याने सुटून खाली गुळगुळीत खोड निघतं. जांभळाचं पान उजेडाकडे धरा, कडेला समांतर धावणारी एक शीर दिसेल. निष्पर्ण झाड मेलं असं समजू नका. बारीक फांदीची साल नखाने खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर ते फक्त झोपलंय.

चीक

पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर चिकू, फणस, अंजीर, पपई ही घराणी डोळ्यांसमोर येतात. पिवळसर आला तर कोकम-मँगोस्टीनचं घराणं. पण हातमोजे घाला आणि तो हात डोळ्याला लावू नका. पांढरा चीक बिट्टीलाही, म्हणजे पिवळ्या कण्हेरीलाही असतो, आणि तिचं फळ हृदयाला घातक आहे. बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड येतात. काजूच्या कवचातलं तेलही त्याच जातकुळीचं. कॅरिबियन किनाऱ्यांवर मांचिनील नावाचं झाड आहे. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, पण पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. त्याचा धूरही डोळ्यांना बाधतो. म्हणून ओळख पटेपर्यंत छाटलेल्या फांद्या जाळू नका.

फूल आणि फळ

फूल आलं की फोटो समोरून, बाजूने आणि मागून, तिन्ही बाजूंनी काढा. मागची बाजू लोक विसरतात, आणि तिथेच उपयोगाची माहिती असते. पाच पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा झुबका असेल तर गुलाबाचं कूळ: सफरचंद, नासपती, प्लम, पीच. सफरचंद की नासपती याचा निकाल परागकोशांच्या रंगावरून लागतो, सफरचंदाचे पिवळे, नासपतीचे लालसर-जांभळे. तीन जाड, मांसल पाकळ्या असतील तर सीताफळाचं घराणं. फुलं थेट खोडावर आली तर फणस, बिलिंबी, कोको, जाबोटिकाबा असे मोजकेच उमेदवार उरतात.

फळ कापायच्या आधी फुलाचा सुकलेला अवशेष कोणत्या टोकाला आहे ते बघा. देठाच्या विरुद्ध टोकाला मुकुट असेल तर पेरू, डाळिंब, जाम, सफरचंद, नासपती यांच्या बाजूला चला. देठापाशीच पाकळ्यांसारखी टोपी असेल तर चिकू, जपानी फळ (पर्सिमन), मँगोस्टीन. मँगोस्टीनच्या तर बुडालाही एक छोटी नक्षी असते, आणि तिच्या पाकळ्या मोजल्या की आत तेवढ्याच फोडी निघतात.

मग दोन फळं कापा, एक आडवं, एक उभं. बी एक की अनेक, बीभोवती दगडासारखं कवच आहे का, गर फोडींचा की सलग, एवढं टिपून घ्या. आडव्या कापात पाच खणांची चांदणी दिसली तर सफरचंद किंवा नासपती, आणि गर दातांखाली रवाळ लागतो तो नासपतीचा. पण दातांपर्यंत अजून जायचं नाहीये.

नाव पक्कं करणं

एवढं जमल्यावर फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅपकडे जा, आधी नको. प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट, गूगल लेन्स ही साधनं चांगली आहेत, पण ती अंदाजांची यादी देतात, निकाल नाही. नुसत्या पानाचा एक फोटो टाकून पहिलं उत्तर खरं धरणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा मार्ग. अख्खं झाड, साल, फांदीवरची पानांची रचना, पानाची पाठ, फूल, फळ, कापलेलं फळ, बी असे फोटो काढा, मापासाठी शेजारी पट्टी ठेवा, आणि वेगवेगळ्या फोटोंना तेच नाव येतंय का ते बघा. आयनॅचरलिस्टवर झाड लावलेलं असल्याची खूण करावी लागते. अशा नोंदींकडे जाणकारांचं लक्ष कमी जातं, म्हणून उत्तर उशिरा आलं तर नवल नको.

त्यापेक्षा भरवशाचं म्हणजे माणूस. कुठल्याही महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग, कृषी विद्यापीठ किंवा वनस्पती उद्यान. त्यांना एकटं पान पाठवू नका. फुलं-फळांसकट वीतभर फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून, वर वजन ठेवून, रोज कागद बदलत वाळवा. वाळल्यावर रंग आणि वास जातो, म्हणून ते आधीच चिठ्ठीवर लिहा. चिकाचा रंगही. मिळालेलं नाव शास्त्रीय नावासकट टिपून ठेवा. बोलीतलं एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असतं.

खायचं कधी?

वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या माणसाने ओळख पक्की केल्यावर. त्याआधी नाही, जिभेला लावूनही नाही. "पक्षी खातात म्हणजे चालतं" हा समज घातक आहे. बकाणा निंबाची पिवळी फळं पक्षी खुशाल खातात, माणसाला आणि गुरांना ती विषारी आहेत. थोडंसं खाऊन तासभर वाट बघण्याची युक्तीही कुचकामी, कारण काही विषं बऱ्याच उशिराने बाधतात. लहान मुलं आणि पाळीव प्राणी असतील तर खाली पडलेली फळं रोज उचला.

नाव कळल्यावरही झाडाचा कोणता भाग आणि कधी, हे विचारावं लागतं. जमैकाचं राष्ट्रीय फळ अ‍ॅकी झाडावर आपोआप उकलल्यावरच, आणि त्यातला फिकट गरच तेवढा खातात. कच्चं अ‍ॅकी जीव घेऊ शकतं. जर्दाळू-पीचच्या कोयीतल्या बीपासून पोटात सायनाइड तयार होतं. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळे खराब होतात. कमरख (स्टार फ्रूट) निरोगी माणसाला निर्धोक, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला जीवघेणं ठरू शकतं. ग्रेपफ्रूट कोलेस्टेरॉलवरच्या काही औषधांशी जुळत नाही. कुणी चुकून अनोळखी फळ खाल्लंच तर लक्षणांची वाट बघू नका. फळ आणि फांदीसकट दवाखाना गाठा.

फळच येत नसेल तर

झाड नर असू शकतं. पपई, खजूर, जायफळ यांत नर-मादी झाडं वेगळी असतात, कोकमाचीही बरीच झाडं नर निघतात. किंवा झाड एकटं असेल: सफरचंद, नासपती, गोड चेरी यांच्या बहुतेक जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो. किंवा अजून वयात आलं नसेल. किंवा, आणि हे फार घडतं, कुणीतरी दरवर्षी त्याची फळणारी फांदीच छाटत असेल. पीचला फळ येतं गेल्या वर्षीच्या फांदीवर, पेरूला नव्या फुटीवर, सफरचंदाला जुन्या फांद्यांवरच्या आखूड काड्यांवर, आंब्याला पक्व फांदीच्या शेंड्याला. नाव माहीत नसताना छाटणी म्हणजे आंधळी कोशिंबीर. पहिल्या वर्षी फक्त वाळलेल्या, किडलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा. खताचा मारा नको, बुंध्याला माती लावून ठेवणंही नको. वहीत मात्र पालवी, फुलं, फळधारणा आणि पिकणं यांच्या तारखा लिहीत जा.

आवडलं तर कलम

इंग्लंडमधल्या साउथवेलला मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ साली सफरचंदाच्या बिया लावल्या. पुढे घर मॅथ्यू ब्रॅमलीकडे गेलं. १८५६ साली हेन्री मेरीवेदर या तरुणाने त्या झाडाच्या काड्या मागितल्या, तेव्हा ब्रॅमलीने जातीला आपलं नाव लावण्याची अट घातली. ब्रॅमली सफरचंद अजून लावलं जातं, ते त्या काड्यांमुळे. बियांनी ते पुढे गेलं नसतं.

म्हणून फळ खरोखर चांगलं निघालं आणि झाड म्हातारं असेल तर बिया जमवण्यात वेळ घालवू नका, कलम बांधणारा शोधा. पानगळीच्या झाडाच्या काड्या ते झोपेत असताना घेतात. आंब्यासारख्या सदाहरित झाडाच्या पक्व काडीवरची पानं आठवडाभर आधी, देठ ठेवून कापतात म्हणजे डोळे फुगतात. काडी सांध्याच्या वरच्या आणि फळ प्रत्यक्ष पाहिलेल्या फांदीवरूनच घ्यायची. फळं झाडावर असतानाच त्या फांदीला रंगीत दोरी बांधून ठेवा, काड्या घ्यायच्या दिवसांत सगळ्या फांद्या सारख्याच दिसतात.